मोरूकाकांचं जहाज आणि माझ्या सह्या

मोरूकाका धुपकर कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायचे आणि मग बोलायचे. दार, पाट, टरबूज, काकूंनी नवा आणलेला माठ, काहीही. टिचकी मारली की मान तिरकी करून ऐकायचे. मी नागपूरहून बदली होऊन बनारसला आले आणि रामघाटावर त्यांच्या घरी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा नावगाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या हातातल्या लाकडी पेटीला टिचकी मारली आणि म्हणाले, "आतून तडकलीय." पेटी आईची होती. आत एक फळी खरोखरच तडकलेली होती आणि ते मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं. मला रागच आला. पण खोलीच्या खिडकीतून गंगा दिसत होती आणि भाडं परवडण्यासारखं होतं, म्हणून राहिले.

तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. सरकारी तंत्रशाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, उजव्या कानावर एक पेन्सिल आणि डाव्या कानावर विसरलेली दुसरी. घराणं वेदपाठींचं, सातआठ पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं. घरात मराठीच बोलायचे, पण त्या मराठीत दर दोन शब्दांनंतर हिंदी हजर असायची.

"वर काय आहे?" मी पहिल्या दिवशी गच्चीकडे जाणारा जिना बघून विचारलं.

"वर जहाज आहे," शालिनीकाकू म्हणाल्या. वर पापड वाळत घातलेत, अशा सुरात.

बनारसमध्ये विमानाला जहाजच म्हणतात. गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली, माकडांसाठी लावलेल्या जाळीच्या आत, मोरूकाका एका माणसाचं विमान बांधत होते. पंधरा फूट लांबीचं लाकडी धड तयार होतं. पाठीला पंखा बांधून छत्रीनं उडायच्या एका बंद पडलेल्या पॅरामोटरचं इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. पंख व्हायचे होते. खालची गल्ली इतकी अरुंद, की समोरून सांड आला तर माणसानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं. विमान बाहेर कुठून काढणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचा आणि विचारून झाला की हसायचा. काकांनी त्याचा विचार सगळ्यात आधी करून ठेवला होता. गच्चीवरून घाटाच्या बाजूला दोरांनी धड उतरवायचं, मग एकेक पंख उतरवायचा, सगळं दोन होड्यांवर आडवं बांधून पलीकडे न्यायचं. पलीकडे उन्हाळ्यात मैलभर सपाट रेती पडलेली असते. तिथे जोडायचं आणि उडवायचं. दिल्लीच्या विमान खात्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. त्या पत्रांची फाईल घरातल्या पोथ्यांपेक्षा जाड झाली होती.

कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "का गुरुजी, जहाज कब उड़ी?"

"जब सूखी, तब उड़ी," काका पान तोंडात टाकत म्हणायचे. गोंद सुकला की उडेल, एवढाच त्याचा अर्थ. कुणी म्हणे गुरुजी, माझं बंबईचं तिकीट बुक करा. काका वजन विचारायचे. समोरच्यानं सत्तर सांगितलं की मान हलवून म्हणायचे, "पंधरा किलो कम करके आओ." चेष्टा त्यांना कळत नसे असं नाही. त्यांना तिची घाई नव्हती.

एकदा माकडांनी जाळीचं दार ढकलून एक फासळी पळवली. फासळी म्हणजे पंखाला गोलाई देणारी लाकडी काड्यांची चौकट, वीतभर रुंद आणि पाच फूट लांब. माकड ती घेऊन शेजारच्या देवळाच्या कळसाशी जाऊन बसलं. अर्धी गल्ली खाली जमली. काकांनी डझनभर केळी खर्ची घालून तासाभरानं फासळी परत मिळवली. एक ओरखडा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी ती हातात घेतली, टिचकी मारली, ऐकलं आणि बाजूला ठेवून दिली.

"चांगली आहे की," मी म्हटलं.

"दिसायला चांगली आहे ताई. पण त्या तासाभरात तिच्यावर काय काय गुजरलं ते कुणी बघितलंय? मी नाही, तुम्ही नाही. जे कुणी बघितलं नाही ते जहाजात नाही लावायचं."

त्या फासळीवर काकूंनी पुढे मी तिथे असेपर्यंत टॉवेल वाळत घातले.

हे "कुणीतरी बघितलं पाहिजे" प्रकरण काकांनी वडिलांकडून उचललं होतं. वडील घनपाठी, मुलांना वेद शिकवणारे. पाठ म्हणायला मुलगा बसला की त्याच्यासमोर दुसरा मुलगा ऐकायला बसवायचे. दुसऱ्याच्या कानातून गेला नाही तो पाठ आपला नाही, असा त्यांच्या घरातला नियम. मोरू बारा वर्षांचा असताना त्याचा पाठ ऐकायला त्याचा जिवलग मित्र बसायचा. तो भिडेपोटी चुका सोडून द्यायचा, बरोबर आहे म्हणून मान हलवायचा. परीक्षेला पंडितांच्या सभेत मोरू उभा राहिला आणि त्याच त्या चुका सगळ्यांसमोर निघाल्या. वडिलांनी त्याला पाठशाळेतून काढलं. "चूक माझी होती," काका म्हणायचे. "पण मला ती माहीतच नव्हती ना! लकडी झूठ बोलत नाही, ताई. गोंद बोलतो. आणि जवळचा माणूस बोलतो."

म्हणून विमान बांधताना त्यांनी नियम केला होता. दोन लाकडं जोडायची, तर दोन्हींना गोंद लावायचा आणि वरून प्लायची पट्टी दाबायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तो सांधा बघायचा. सगळीकडे गोंद पोचलाय का, काडी बरोबर बसलीय का. बघून वहीत सही करायची. एकदा पट्टी बसली की आतलं कुणालाही कधीच दिसणार नसतं. मी येण्याआधी हे काम शेजारचे एक मास्तर करायचे. ते मुलाकडे राहायला गेले, आणि काकांनी मला विचारलं.

"तुम्ही बँकेत दुसऱ्याचं काम तपासून सही करता ना?"

"तेच तर करते दिवसभर."

"मग बस. तुमच्याहून लायक कोण?"

मला गंमत वाटली, जराशी फुशारकीही वाटली. मी हो म्हटलं.

गोंद कालवला की अर्ध्या तासात घट्ट होतो, त्यामुळे बोलावणं अचानक यायचं. सकाळी मी डबा भरत असताना किंवा संध्याकाळी बँकेतून येऊन पाय पसरत असताना जिन्यावरून हाक यायची, "ताई, पाठ आहे!" मी वर जायची. काका माझ्या हातात भिंग द्यायचे आणि स्वतः गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नदीकडे तोंड करून उभे राहायचे. करणारा समोर उभा असला की बघणारा भिडेनं हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मी "झालं" म्हणेपर्यंत ते वळत नसत. एकदा पावसाची सर आली तरी तसेच भिजत उभे होते.

पहिला महिनाभर मी खरंच बघितलं. दोन ठिकाणी गोंद कमी पडलेला सापडलाही. तेव्हा काकांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी काकूंना वर बोलावून सांगितलं, "बघ, ताईंनी पकडलं!"

मग मला कंटाळा आला. एवढंच. ह्याच्याहून मोठं कारण द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय, पण ते मिळत नाही. मी वर जायची, मोबाइलची बॅटरी लावायची, म्हणजे काकांनी चुकून वळून बघितलं तर उजेड सांध्यावर पडलेला दिसावा, आणि त्याच मोबाइलवर आलेले मेसेज वाचायची. वाचून झाले की "झालं काका" म्हणायची आणि सही ठोकायची. माझी सही वळणदार आहे. सगळ्या पानांवर ती एकसारखी सुंदर आहे.

आणि ह्याच्यापेक्षा वाईट गोष्ट अशी, की मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. कारण हे विमान उडणार नाही याची मला खात्री होती. बँकेत डबा खाताना मी "ताई, पाठ आहे!" ची नक्कल करून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. म्हाताऱ्याचा वेळ जातोय, आपण हो ला हो करतोय, असा माझा समज होता. त्याला मी चांगुलपणा समजत होते, हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

दोन वर्षांत पंख झाले. अठ्ठावीस फासळ्या, पुढच्या बाजूला प्लायची गोल कातडी, गुळगुळीत घासलेली. ते दोन पंख पत्र्याखाली शेजारी शेजारी ठेवलेले बघितले, तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले. ते खेळण्यातले दिसत नव्हते. ते पंख होते.

त्या थंडीत कानपूरहून शुक्लाजी आले. आयुष्यभर विमानांची तपासणी करून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. पंखावर कापड चढण्याआधी त्यांनी बघून लिहून द्यायचं, मग पुढचे कागद दिल्लीला जायचे. रविवार होता. काका सकाळपासून दाढी करून, धुतलेली बंडी घालून तयार होते. शुक्लाजींनी आधी वही चाळली. "बहुत कम लोग ऐसा रजिस्टर रखते हैं," म्हणाले. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ये देखती हैं. बैंक में अफसर हैं."

शुक्लाजींनी खिशातून कागदासारखं पातळ पातं काढलं आणि एकेक सांध्याच्या कडेला लावत गेले. पातं कुठेच आत जात नव्हतं. डाव्या पंखाच्या अकराव्या फासळीशी ते गेलं. दोन बोटं सरळ आत गेलं.

"यहाँ तो गोंद लगा ही नहीं है," ते म्हणाले.

त्यांनी वही उघडली. त्या सांध्यासमोर माझी सही होती. तारीख होती, वेळसुद्धा होती. काकाच बोलले, "हमसे छूट गया होगा, साहब."

शुक्लाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि तपासणी आवरून चहा मागितला. जाताना एवढंच म्हणाले, "गुरुजी, बाकी जोड़ों का आप जानिए. बंद जोड़ के भीतर कोई नहीं देख सकता. मैं तो आपके रजिस्टर पर ही दस्तखत करूँगा."

ते गेल्यावर काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. काकू देवळात गेल्या होत्या. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, मला फक्त एक सांगा. बाकीचे पाठ बघितले होते ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. ते रागावलेही नव्हते.

"हो काका," मी म्हणाले. "तो एकच राहिला. त्या दिवशी माझं डोकं फार दुखत होतं."

त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. "बस! मग काही नाही. एक सांधा आहे, दुरुस्त होऊन जाईल. डोकं दुखत होतं तर तसं सांगायचं ना, मी दुसऱ्या दिवशी गोंद घोळला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकात जाऊन माझ्यासाठी कुल्हडभर मलइयो घेऊन आले. मी तो दुधाचा फेस त्यांच्यासमोर उभी राहून चाटून पुसून खाल्ला.

पुढचे दोन महिने काका कधी नव्हे इतके खुशीत होते. सांधा दुरुस्त झाला. कापडाचा तागा आला. शिवरात्रीनंतर रेती उघडी पडेल आणि तोवर वारंही जोरात सुटलेलं नसेल, असा त्यांचा हिशेब. नाववाल्याशी बोलणं झालं. मी मनाला समजावत होते, की एकच सांधा सुटला होता, बाकीचे काकांनी नीटच केले असणार, त्यांच्यासारखा माणूस किती चुकणार! पण तेवढ्यासाठीच तर त्यांनी मला बसवलं होतं.

एका दुपारी काकू कापडाच्या कडा शिवत होत्या. मी मदतीला बसले होते. सुईत दोरा ओवताना त्या म्हणाल्या, "मला आधी फार डर वाटायचा. हे एकटे वर जाणार, काही झालं तर? पण सगळं तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ना, म्हणून मी निश्चिंत आहे."

मी उठले आणि गच्चीवर गेले. काका पंखावर कापड अंथरून त्याच्या सुरकुत्या हातानं साफ करत होते.

"काका, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "तो एकच नव्हता. मी पहिला महिना बघितलं. नंतर नाही बघितलं."

"नंतर म्हणजे किती?"

"जवळजवळ काहीच नाही."

ते कापडावरचा हात न उचलता उभे राहिले. मग त्यांनी वही आणून माझ्यासमोर उघडली. "ह्यातल्या खऱ्या कुठल्या, आठवतं?"

मी पानं उलटली. नाही आठवत. एकसारख्या सह्या, एकाखाली एक. मी मान हलवली.

"पण का, ताई?"

"मला वाटलं नव्हतं हे उडेल," मी म्हणाले. मला रडू फुटलं आणि त्या रडण्याचीही लाज वाटली.

काकांनी वही मिटली. खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. शेवटी ते म्हणाले, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता, "मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतं ना. मी दुसरं कुणी बघितलं असतं."

त्यांनी मला शिवी दिली असती, घर सोडून जा म्हटलं असतं, तर मी आजवर ते कधीच विसरून गेले असते.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर करवत चालू झाली. आतले सांधे बघायचे तर वरच्या पट्ट्या आणि कातडी सोलायला हवी, आणि सोलली की लाकूडच फाटतं. चार दिवस ते पंख कापत होते. प्रत्येक सांधा चिरून, आत बघून, बाजूला ठेवत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नको ताई, तुम्ही बसा." मी खाली खोलीत बसून करवत ऐकत राहिले. अखेरीस न राहवून विचारलं, "किती निघाले?"

"तीन," काका म्हणाले. "दोन छोटे होते. एक मात्र पंख पेलणाऱ्या कण्याजवळ होता."

म्हणजे उडाले असते तर काय झालं असतं, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

पुन्हा पंख करायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. बिनगाठीचं पहाडी लाकूड जमवायलाच दोन वर्षं लागली होती, आणि आता पेन्सिल धरताना हात थरथरायला लागला होता. काकूंना, गल्लीला, पानवाल्याला त्यांनी सांगितलं, की माप चुकलं. "इतकी वर्षं मोजत होते आणि शेवटी मापच चुकलं!" काकू माझ्यासमोर त्यांच्यावर करवादल्या. "ताई, तुम्ही तरी सांगायचं ना ह्यांना!" काका खाली मान घालून भात कालवत राहिले. मीही माझ्या ताटाकडे बघत राहिले. पोहे केले की काकू आधी माझी बशी भरून पाठवायच्या, ते शेवटपर्यंत चालू राहिलं. पानवाला आता मोजफितीवरून चिडवायचा, "का गुरुजी, फीता उल्टा पकड़ले रहला का?" काका पान खायचे आणि हसायचे.

चैत्रात माझी नागपूरला बदली झाली. जायच्या आदल्या संध्याकाळी काका दारात येऊन म्हणाले, "उद्या भेट नाही व्हायची. मी पहाटेच धड घेऊन तिकडे जाणार आहे. इंजिन इतकं चांगलं आहे, एकदा चालवून तर बघू." मी पायांना हात लावला. "सुखी राहा," म्हणाले. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी त्यांना दोर शोधायला हाक मारली आणि ते गेले. मी त्यांच्या मागे जिना उतरून गेले असते तर चार पायऱ्या होत्या.

सकाळी सामान जास्त होतं म्हणून मी रामघाटावरून राजघाटापर्यंत नाव केली. नाव प्रवाहाच्या मध्याशी आली आणि पलीकडून इंजिनाचा आवाज आला. रेतीवर काकांचं जहाज धावत होतं. पंख नव्हते. नुसतं लांबोडकं लाकडी धड, तीन चाकं, पुढे फिरणारा पंखा आणि वर काकांचं डोकं, त्याला काकूंचा जुना मफलर गुंडाळलेला. लांब गेलं, वळलं, पुन्हा वेगानं आलं. आणि त्या वेगात शेपूट रेतीपासून वर उचललं गेलं. हातभर वर. तसंच काही अंतर गेलं. ते उडायला तयार होतं, हे मलासुद्धा दिसलं.

घाटाच्या पायऱ्यांवर लोक जमले होते. टाळ्या वाजत होत्या, शिट्ट्या चालल्या होत्या, कुणीतरी हर हर महादेव म्हणून ओरडलं आणि मग सगळे हसले.

नाववाल्यानं वल्ही थांबवली. त्यानंच पहाटे ते धड पलीकडे पोचवलं होतं. तोही हसत होता. "देखिए मैडम, बिना पंख का जहाज! गुरुजी से नाप में गड़बड़ हो गइल, पंख काटे के पड़ल. आप तो उन्हीं के घर में रहती थीं, आपको तो मालूम होगा."

रेतीवर जहाज पुन्हा वळत होतं.

"हाँ भैया," मी म्हणाले. "नाप में ही गड़बड़ हुई थी."